संशय आधी लिहा, यंत्र मग काढा

भंडारा जिल्ह्यात लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या गावात कोण पितो, किती पितो आणि कुणाकडे बसून पितो, हे कुणाला विचारावं लागत नाही. गिरणीचा मालक, दिवाणजी, बॉयलरवाला, हमाल, ट्रॅक्टरचा चालक हे सगळे एकमेकांचे सोयरे असतात, नाहीतर शेजारच्या गावचे. पाळीवर देखरेख करणाऱ्याला ही ओळख एरवी फार उपयोगी पडते. कुणाच्या हाती कोणतं काम द्यावं, हे तिच्यामुळेच त्याला कळतं. पण समोरचा माणूस आत्ता नशेत आहे का, हे ठरवायची वेळ आली की हीच ओळख आड येते. तेव्हा आपण त्या माणसाला पाहत नाही, त्याच्याबद्दल आजवर जे ऐकलं ते आठवत बसतो. देखरेखीचं काम करता करता माझं एक मत पक्कं होत गेलं, तेच इथे मांडतो. नशेची तपासणी यंत्र करतं, पण ती तपासणी न्यायाची की अन्यायाची, हे यंत्र हातात घेण्याआधीच ठरून गेलेलं असतं. आज, या घडीला, या माणसात काय दिसलं, हे पाहणाऱ्याने तपासणीच्या आधी कागदावर उतरवलं असेल तर त्या संशयाला वाजवी म्हणता येतं. तसं नसेल तर तो लौकिकावरून काढलेला निष्कर्ष असतो आणि यंत्र फक्त त्यावर शिक्का मारतं.

तपासणीच नको, असं मला म्हणायचं नाही. धानाच्या गिरणीत उघडे पट्टे असतात, उंच एलिव्हेटर असतो, कोंड्यावर पेटणारा बॉयलर असतो. मळणीच्या हंगामात थ्रेशरच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाचा हात आणि यंत्राचे दाते यांच्यात वीतभर अंतर उरतं. जिल्ह्याचा विचार केला तर चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत, जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना आहे, साकोली, तुमसर, पवनी आगारांतून निघणाऱ्या एसटी गाड्या आहेत. अशा ठिकाणी एकाच्या बधिरपणाची किंमत दुसरा मोजतो. ‘काही झालं तर नाही ना’ हा आपल्याकडचा आवडता बचाव सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये साफ नाकारला. उत्तर प्रदेशच्या सशस्त्र दलातला एक चालक मद्य पिऊन जवानांनी भरलेला ट्रक चालवत होता. मोठी हानी टळली हे निव्वळ नशीब, त्यावरून गैरवर्तन लहान ठरत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच निकालात दीर्घ सेवा लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली गेली, हेही विसरता कामा नये. चूक गंभीर ठरवायची आणि शिक्षा मापात द्यायची, अशी दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात.

कायद्यात संशयाला नेमकी जागा आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 203 प्रमाणे गणवेशातला पोलीस अधिकारी किंवा मोटार वाहन विभागाचा अधिकृत अधिकारी चालकाला श्वासचाचणी द्यायला सांगू शकतो, पण चालकाने मद्य घेतलं असावं असं वाटायला वाजवी कारण असावं लागतं. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 च्या कलम 129-अ मध्येही अधिकाऱ्याला रक्ततपासणीसाठी माणूस डॉक्टरकडे पाठवायचा असेल तर तसं मानायला वाजवी आधार लागतो. दोन्हीकडे अधिकार शासनाच्या माणसाला आहे. गिरणीच्या मालकाला कुणाच्या शिरेत सुई टोचायचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही. त्याच्या हाती असते ती नोकरीची अट, कामगाराची संमती आणि मोठ्या कारखान्यात स्थायी आदेश. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये स्थायी आदेशांसाठी 300 कामगारांची मर्यादा घातली आहे. आमच्या भागातल्या गिरण्या त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणजे जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात आणि म्हणून पूर्वग्रहाची भीती सर्वांत जास्त, नेमकी तीच जागा लेखी नियमाबाहेर राहते. तिथे मालकाचा शब्द हाच नियम होऊन बसतो. लेखी नोंदीचा आग्रह छोट्या जागेसाठी जास्त का धरायचा, याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण आपल्याच राज्यातल्या दोन जुन्या खटल्यांत सापडतं. 1951 मध्ये मुंबईत एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारे गृहस्थ होते मुंबई विभागाचे प्रभारी प्रादेशिक परिवहन अधिकारी, म्हणजे इतरांना परवाने देणाऱ्या कचेरीचे प्रमुख. डॉक्टरांना त्यांच्या श्वासाला मद्याचा वास आला, डोळ्यांत लाली दिसली, पण बोलणं सुसंगत होतं आणि ते सरळ रेषेत चालत होते. आपण मद्यार्क असलेलं औषध घेतलं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेहराम खुर्शेद पेसिकाका विरुद्ध मुंबई राज्य या निकालात दारूबंदी कायद्याखालची त्यांची शिक्षा बहुमताने रद्द केली. औषधी मद्यार्क घेणं हा गुन्हा उरला नव्हता, त्यामुळे बंदी असलेलीच दारू घेतली होती हे सरकारने सिद्ध करायला हवं होतं. पुढे कायद्यात रक्ततपासणीची तरतूद आली आणि 1959 मध्ये तिचे नियम झाले. 1971 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका मोटार अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. तोंडाला वास, डगमगती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या, असंबद्ध बोलणं हे सगळं असलं तरी तेवढ्यावर मद्यप्राशन सिद्ध होत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी व्हायला हवी होती, असं न्यायालयाने सांगितलं. यातून पुष्कळ जण एकच धडा घेतात: लक्षणं फुकट, यंत्र खरं. मला तो अर्धाच वाटतो. लक्षणं पुरावा म्हणून अपुरी आहेत, पण तपासणीचं कारण म्हणून त्यांच्याइतकं दुसरं काही नाही. संशयाने तपासणीचं दार उघडायचं असतं, शिक्षेचं नाही. ही दोन दारं वेगळी ठेवणं हेच पाळी सांभाळणाऱ्याचं खरं कसब.

लक्षणं अपुरी का, हे समजायला आमच्या झाडीपट्टीतली माणसं आणि हंगाम माहीत हवेत. उष्णा तांदूळ काढणाऱ्या गिरणीत धान भिजत घालतात. त्या पाण्याचा आंबूस वास टाक्यांजवळ काम करणाऱ्याच्या कपड्यांत मुरतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचून कामावर येणाऱ्याच्या अंगाला मोहाचा दर्प असतो, पोटात मोहाचा थेंबही नसला तरी. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. दुसऱ्या दिवशी अर्धी पाळी लाल डोळ्यांनी येते, ती जाग्रणाने, आणि नेमका तेव्हाच नवं धान गिरणीवर यायला लागलेलं असतं. आपल्याकडे सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्या वेदनेचा झटका आणि थकवा बाहेरून पाहणाऱ्याला आळस किंवा नशा वाटू शकतो. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी कामावर आलेल्याची साखर उतरली की त्याला दरदरून घाम फुटतो, जीभ जड होते, पाय लटपटतात, तो चिडचिड करतो. आणि मे महिन्यात विदर्भात पारा पंचेचाळिसावर गेला की उष्माघाताचा माणूस अगदी दारुड्यासारखा बरळतो आणि झोकांड्या देतो. त्याला ‘पिऊन आलाय’ म्हणून सावलीत आडवं करून सोडून दिलं तर तो दगावू शकतो. म्हणून ज्याच्या चालण्याबोलण्यात बिघाड दिसतो तो आधी आजारी समजायचा. ताप पाहायचा, बोटाच्या थेंबावर साखर पाहायची, डॉक्टरला गाठायचं आणि मगच श्वासाकडे वळायचं. दारू समजून आजार सुटला तर झालेली हानी नंतर भरून काढता येत नाही.

आता यंत्राकडे येऊ. यंत्राला काळाचं भान नसतं, ते माणसाने द्यावं लागतं. रक्तातलं मद्य साधारण तासाला 100 मिलिलिटरमागे 15 मिलिग्रॅमने उतरतं, कुणाचं थोडं जलद, कुणाचं सावकाश. सकाळी साठावर असलेला माणूस मुकादम, दिवाणजी, मालक अशा फेऱ्या होईपर्यंत तिसावर येतो. उलट नुकतीच मद्यार्क असलेल्या द्रवाने चूळ भरलेली असली तर तोंडातल्या मद्यार्कानेच आकडा फुगतो, म्हणून पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावतात. गांजाची गोष्ट याच्या अगदी उलट. नेहमी ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचा अंश कैक दिवस, कधी काही आठवडे सापडतो. ती चाचणी ‘कधीतरी ओढला’ एवढंच सांगते, ‘आज तो कामाला अपात्र आहे’ असं सांगत नाही. आकड्यांच्या मर्यादाही हेतूप्रमाणे बदलतात. मोटार वाहन कायद्यात 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या पुढे गुन्हा आहे. दारूबंदी कायद्यात 0.05 टक्के, म्हणजे 50 मिलिग्रॅम, किंवा त्याहून जास्त निघाले की सिद्धतेचं ओझं आरोपीवर येतं. वैमानिकाला एक अंशही चालत नाही. एकाच रक्ताला तीन कायदे तीन प्रश्न विचारतात, मग नुसता आकडा वाचून पाळीवरच्या प्रश्नाचं उत्तर कसं मिळणार? किती वाजता काय दिसलं, किती वाजता फुंकलं, मध्ये किती वेळ गेला हे शेजारी लिहिलेलं असेल तेव्हाच त्या आकड्याला अर्थ येतो.

अमेरिकेत मालमोटारी आणि बस चालवणाऱ्यांसाठी जे संघीय नियम आहेत त्यांत हा मुद्दा नेमका पकडला आहे. तिथे संशयावरून तपासणी करायची तर संशय नेमक्या, त्याच वेळच्या आणि शब्दांत सांगता येतील अशा निरीक्षणांवर उभा असावा लागतो, आणि ती निरीक्षणं चालकाचं रूप, वागणं, बोलणं किंवा अंगाचा वास यांबद्दलची असावी लागतात. संशय घेणाऱ्या पर्यवेक्षकाला मद्याबाबत किमान एक तास आणि अमली पदार्थांबाबत किमान एक तास प्रशिक्षण सक्तीचं आहे. मद्याची चाचणी दोन तासांत व्हावी, नाही झाली तर का नाही हे लिहावं, आठ तास उलटले तर प्रयत्न सोडून द्यावा. आणि ज्याने संशय घेतला त्याने मद्याची चाचणी स्वतः करायची नाही. हे नियम उचलून दिघोरीत आणा, असं मी म्हणत नाही. तिथली प्रयोगशाळांची आणि विम्याची व्यवस्था आपल्याकडे नाही. पण ‘त्याच वेळचं’ ही एक अट घ्यायला खर्च काही नाही. ती गावातल्या लौकिकाला थेट बाहेर ठेवते. ‘हा नेहमीचाच आहे’ हे वाक्य त्या कागदावर बसत नाही. ‘सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पट्ट्याजवळ दोनदा तोल गेला, प्रश्नाचं उत्तर तिसऱ्यांदा विचारल्यावर दिलं’ हे बसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेच्या बाजूने. संशय येईपर्यंत थांबायचं कशाला? विमानात चढण्यापूर्वी वैमानिक फुंकतात, ड्युटीवर येताना रेल्वेचे लोको पायलट फुंकतात, तसं सगळ्यांनाच रोज फुंकायला लावा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने 31 जानेवारी 2022 पासून अमली पदार्थांसाठीही संशयाविना, यदृच्छेने निवडलेल्यांची चाचणी सुरू केली. अमेरिकेत 4 जानेवारी 1987 रोजी मेरिलँडमधल्या चेझ इथे रेल्वेच्या धडकेत सोळा जण ठार झाले आणि इंजिनावरच्या माणसांनी गांजा ओढला होता हे उघड झालं. 1989 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे कामगारांची वैयक्तिक संशयाविना होणारी चाचणीही वैध ठरवली. आक्षेप वजनदार आहे आणि काही कामांपुरता मला तो मान्यही आहे. ज्याच्या हाती शेकडो जीव आहेत त्याची दारातच तपासणी व्हावी. ती सर्वांची होते म्हणून तिच्यात अपमानही नसतो. पण दारातली तपासणी दारापुरतीच. जेवणाच्या सुट्टीत घेतलेली दारू, दुपारचा उष्माघात, डॉक्टरने दिलेली गुंगीची गोळी हे तिच्या नजरेतून सुटतं. तिथे पुन्हा डोळस माणूसच लागतो. शिवाय साधा हिशेब पाहा. समजा, यंत्र शंभर शुद्धीतल्या माणसांत एकाला चुकून पकडतं आणि शंभरात एकच जण खरोखर पिऊन येतो. मग पकडलेल्या दोघांत एक निर्दोष निघतो. आधी लक्षणं पाहून तपासलं की पिणाऱ्याचं प्रमाण वाढतं आणि त्याच यंत्राचा निकाल अधिक भरवशाचा होतो. लिहिलेला संशय यंत्राला अधिक अचूक बनवतो, तो त्याच्या वाटेत उभा राहत नाही.

दुसरा आक्षेप कामगारांच्या बाजूने येतो आणि तोही खोटा नाही. संशयाचा अधिकार दिला की मुकादम त्याचा दांडका करील. मजुरीचं बोलणाऱ्याला, सुट्टी मागणाऱ्याला, दुसऱ्या गटातल्या माणसाला नेमकं फुंकायला लावील. हमाल आणि हंगामी मजूर यांची तर कुठल्या यादीत धड नोंदही नसते. पण नोंद न ठेवल्याने हा धोका कमी होत नाही. न लिहिलेल्या संशयाचा जाब कुणाला विचारता येत नाही. लिहिलेल्याचा विचारता येतो. दोन जणांनी स्वतंत्रपणे पाहून सही करावी, तपासणी तिसऱ्याने करावी, कागद त्या माणसाला वाचून दाखवावा आणि त्याचं म्हणणं त्याच कागदावर घ्यावं. वर्षाअखेर त्या वहीत सगळी नावं एकाच वस्तीची, एकाच ठेकेदाराच्या माणसांची निघाली आणि मालकाच्या पुतण्याचं किंवा मुकादमाचं नाव एकदाही नसलं, तर ती वहीच व्यवस्थेविरुद्धचा पुरावा होते. नमुन्याच्या साखळीलाही हेच लागू. 19 मे 2024 रोजी पुण्यात कल्याणीनगरला झालेल्या मोटार अपघातात दोघांचा जीव गेला. त्यानंतर रक्ताचा नमुनाच ससून रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. वजनदार माणसाच्या बाजूने नमुना फिरू शकतो, तर बिनवजनाच्या माणसाविरुद्धही फिरू शकतो. रक्त काढताना स्पिरिटचा बोळा लावायचा नाही, बाटली मोहोरबंद करायची, हे 1959 च्या नियमांतलं शहाणपण गावातल्या आरोग्य केंद्रापासून नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर जपावं लागतं.

तिसरा आक्षेप पोटाचा. संशयावरून घरी पाठवलं की रोजी बुडते आणि गावभर नाव होतं. लाखांदूरच्या पलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे 1993 पासून दारूबंदी. आपल्या बाजूलाही परवान्याविना पिणं कायद्याने गुन्हाच. त्यामुळे ‘पिऊन आला’ या दोन शब्दांत कामाची अडचण, पोलिसांची भीती आणि अब्रू असं सगळं एकत्र येतं. म्हणूनच कामाच्या जागेने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा माणूस आत्ता या यंत्रावर काम करायला योग्य आहे का? तो गुन्हेगार आहे का, सद्गुणी आहे का, हे ठरवणं पाळीचं काम नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर त्याला यंत्रापासून दूर करावं, निकाल येईपर्यंत त्या दिवसाची मजुरी द्यावी आणि घरी सोडायला माणूस द्यावा. ज्याला आपण पट्ट्याजवळ उभं राहू दिलं नाही, त्यालाच स्वतःच्या मोटारसायकलवर रस्त्यावर सोडणं हा शुद्ध निष्काळजीपणा, आणि तो सर्रास होतो. कुणी चाचणीला नकार दिला तर जबरदस्ती करता येत नाही. पण दिसलेल्या लक्षणांवरून त्याला त्या दिवशी धोक्याच्या कामावरून बाजूला ठेवणं नक्की करता येतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1996 मध्ये या विषयावर आचारसंहिता काढली. व्यसनाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावं आणि शिक्षेआधी उपचाराची संधी द्यावी, हा तिचा रोख आहे. माझ्या मते हे मऊपणाचं धोरण नाही. नोकरी जाणार हे ठाऊक असलं की सोबतचे कामगार पिणाऱ्याला झाकतात. तो सुधारेल अशी वाट दिसली तरच कुणीतरी वेळेवर बोलतं. आणि पाळीवर सगळ्यांत आधी लक्षात येतं ते सोबत्याच्या, साहेबाच्या नाही.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नशेवर सगळं लक्ष एकवटलं की बाकीची अपात्रता नजरेआड होते. 25 जानेवारी 2012 रोजी पुण्यात स्वारगेट आगारातून एका एसटी चालकाने बस काढली आणि रस्त्यावरच्या नऊ जणांचा बळी घेतला. पुढे न्यायालयांत वाद झाला तो त्याच्या मानसिक अवस्थेचा. पाळी बदलून मागितली ती मिळाली नाही, हेही नोंदीत आलं. 9 डिसेंबर 2024 रोजी कुर्ल्यात बेस्टच्या विजेवरच्या बसने माणसं चिरडली, तेव्हा पहिली शंका दारूचीच घेतली गेली; नंतर चर्चा आली ती नव्या प्रकारची बस चालवण्याच्या अपुऱ्या प्रशिक्षणावर. या दोन्ही ठिकाणी श्वासाचं यंत्र काही सांगू शकलं नसतं. दिसलेल्या गोष्टी लिहायची सवय मात्र इथेही उपयोगी पडली असती, कारण तिचा प्रश्न ‘प्यायला का’ असा नसतो, ‘काय बिघडलंय’ असा असतो. दिघोरीतल्या एखाद्या गिरणीला उद्यापासून हे करायचं तर एक वही, दोन सह्या, एक तापमापक, साखर मोजायचं छोटं यंत्र आणि आरोग्य केंद्रापर्यंत नेणारी एक गाडी एवढंच लागेल. श्वासाचं यंत्र सहाव्या क्रमांकावर येतं. आपल्याकडे खरेदी मात्र त्याच्यापासून सुरू होते, कारण यंत्र विकत मिळतं आणि माणसाकडे नीट बघण्याची शिस्त स्वतः लावून घ्यावी लागते. ज्या मालकाला ती शिस्त नको आहे, त्याने यंत्रही घेऊ नये. त्याच्या हातात ते सुरक्षेचं साधन न राहता गावातल्या जुन्या समजुतींना आकडा चिकटवण्याचं साधन होईल.